वाचकांचे प्रश्न : शांतता शिकवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत शिक्षणातून शांतता रुजवू पाहणाऱ्यांचे प्रश्न सर्वाधिक होते. लिहिणाऱ्यांत शिक्षक आहेत, पालक आहेत, संस्थांचे कार्यकर्तेही आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत ‘शांतता आणि मूल्ये’ यासाठी आठवड्याला एक तास मिळालाय. आतापर्यंत २१ सप्टेंबरच्या शांतता दिनाला घोषणा, चित्रस्पर्धा आणि कबुतरांची पोस्टर्स एवढंच झालं. पाचवी ते आठवीच्या मुलांबरोबर या तासाला खरंच काय करता येईल?

पोस्टर्सना हरकत नाही. पण भांडण झाल्यावर पहिल्या मिनिटाला काय करायचं हे पोस्टरमधून कळत नाही आणि या तासाचं मुख्य काम तेच आहे. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६०च्या दशकात मांडलेला एक फरक आखणी करताना समोर ठेवा. मारामारी थांबणं ही त्यांच्या भाषेत ‘नकारात्मक’ शांतता. ज्या अन्यायापोटी, अपमानापोटी मारामारी पेटते तो दूर होणं ही ‘सकारात्मक’ शांतता. धाकामुळे चिडीचूप बसलेला वर्ग पहिल्या प्रकारात मोडतो. शिक्षक बाहेर गेल्यावर तो किती वेळ तसा राहतो, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या सत्रात तीनच कौशल्यं घ्या : समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून आपल्या शब्दांत परत सांगणं, भावनेला नेमका शब्द देणं (‘राग आला’ यात अपमान, भीती, हेवा, एकटेपणा असं बरंच काही लपलेलं असतं) आणि मागणीमागची गरज ओळखणं. ही तिन्ही शिकवण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे संवादाचा गोल.

बाकं भिंतीला लावा. शिक्षकांसह सगळे एकाच उंचीवर बसा, मध्ये टेबल नको. हातातून हातात जाईल अशी एखादी वस्तू घ्या. ती ज्याच्या हातात तोच बोलेल. नको असेल तर ‘पुढे’ म्हणून ती शेजारच्याकडे देण्याचा हक्क प्रत्येकाला हवा. वेळेचं गणित आधी करा. एका मुलाला सरासरी ४० सेकंद धरली तर १६ मुलांची एक फेरी जवळपास ११ मिनिटं घेते. म्हणजे ३५ मिनिटांत सुरुवातीला एका शब्दाची छोटी फेरी, मग दोन पूर्ण फेऱ्या आणि शेवटी पुन्हा एक छोटी फेरी बसते. पट ४५चा असेल तर एकच फेरी अर्धा तास खाते, मुलं कंटाळतात आणि शिक्षक ‘गोल आमच्याकडे चालत नाही’ असा निष्कर्ष काढतात. अशा वर्गात १५ जणांचा आतला गोल करा आणि बाकीच्यांना बाहेर बसवून ऐकण्याचं काम द्या. उदाहरणार्थ, ‘कोणतं वाक्य ऐकल्यावर कुणाचा चेहरा बदलला?’ दर आठवड्याला आतले-बाहेरचे बदला.

प्रश्नांची चढण हळूहळू हवी. पहिले तीन-चार आठवडे ‘या आठवड्यात तुला कुणाची मदत झाली?’ यासारखेच प्रश्न ठेवा. ‘वर्गात कोण कोणाला त्रास देतं?’ हा प्रश्न गोलात कधीही विचारू नका. त्याने गोलाची चौकशी समिती होते. गोल बिघडतो तो बहुतेकदा शिक्षकामुळेच. प्रत्येक मुलाच्या बोलण्यावर ‘छान’, ‘असं नसतं रे’ अशी टिप्पणी सुरू झाली, की मुलं एकमेकांशी बोलणं सोडून शिक्षकांना आवडेल तेच बोलू लागतात. आपली पाळी येईपर्यंत शिक्षकांनीही गप्प राहायचं. हे अवघड आहे, पण याला दुसरा पर्याय नाही.

प्रश्न : मुलांची भांडणं मुलांनीच मिटवावीत म्हणून ‘विद्यार्थी मध्यस्थ’ ही योजना सुरू केली. दोन महिन्यांत कुणी फिरकेनासं झालं. काय चुकलं असेल?

आमचा अंदाज असा की मध्यस्थ म्हणून वर्गाचे मॉनिटर आणि पहिले नंबर निवडले गेले असतील. मग भांडणाऱ्या मुलांना ते शिक्षकांचेच हस्तक वाटतात. वेगवेगळ्या गटांतली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी, स्वतः कधी अडचणीत आलेली अशी १२ ते १६ मुलं घ्या. वर्गालाच गुप्त चिठ्ठीने विचारा, ‘अडचण आली तर तू कुणाशी बोलशील?’ त्यातून आलेली नावं शिक्षकांना नेहमीच चकित करतात.

दुसरं कारण, प्रशिक्षण अपुरं. एका दुपारच्या व्याख्यानात हे होत नाही. १५ ते २० तास लागतात, तेही सहा-आठ बैठकांत विभागून, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ सरावाचा हवा. तिसरं कारण, शिक्षकच शिक्षा म्हणून मुलांना तिकडे पाठवतात. मध्यस्थीला दोन्ही बाजूंनी आपणहून यायला हवं. ‘नाही’ म्हणण्याची सोय नसेल तर ती मध्यस्थी राहत नाही.

प्रत्यक्ष बैठक २०-२५ मिनिटांची. मध्यस्थ नेहमी दोघे असतात. खोलीचं दार उघडं असावं, मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असावं, कानाच्या टप्प्यात नसावं. सुरुवातीला नियम सांगायचे : एकाने बोलताना दुसऱ्याने तोडायचं नाही, शिव्या नाहीत, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. मात्र कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर ते शिक्षकांना सांगितलं जाईल, हेही त्याच वेळी सांगायचं. नंतर सांगितलं तर तो विश्वासघात ठरतो.

मग दोघांचं म्हणणं आळीपाळीने. इथे मध्यस्थाचं खरं कसब लागतं, म्हणून एक प्रसंग जवळून पाहू. दोन मैत्रिणी. एकीने दुसरीच्या खासगी मेसेजचा स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर टाकला. दुसरी म्हणते, ‘ती खोटारडी आहे, तिला ग्रुपमधून काढा.’ कच्चा मध्यस्थ म्हणतो, ‘तू चिडलीयस, पण तिने मुद्दाम नसेल केलं.’ झालं, तो पंच झाला. तयार मध्यस्थ म्हणतो, ‘तू फक्त तिला लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं. त्यामुळे तुला लाज वाटली आणि आता तिला काही सांगावं की नाही असं झालंय. बरोबर?’ शेवटचा ‘बरोबर?’ विसरायचा नाही. त्यामुळे मुलीला दुरुस्ती करता येते आणि बहुतेक वेळा ती करतेच : ‘लाज नाही, भीती वाटली. माझ्या घरी कळलं तर?’ नेमका मुद्दा आता बाहेर आला.

पुढचा प्रश्न, ‘तुला काय हवंय?’ उत्तर येतं, ‘तिने सॉरी म्हणावं.’ इथे थांबू नका. ‘तिने सॉरी म्हटलं तर तुझ्यासाठी काय बदलेल?’ यावर येतं ते, ‘ती पुन्हा माझं काही कुणाला दाखवणार नाही हे मला कळेल.’ ही गरज. सॉरी ही नुसती मागणी होती. मग दोघींकडून किमान पाच उपाय काढून घ्यायचे आणि पाच होईपर्यंत कशालाही चांगलं-वाईट म्हणायचं नाही. दुसरा-तिसरा उपाय साधारणतः पहिल्याचाच रागीट अवतार असतो. खरे उपाय चौथ्या-पाचव्याला सुचतात.

कराराच्या कागदावर ‘आम्ही यापुढे चांगलं वागू’ असं असेल तर तो दोन दिवसही टिकत नाही. ‘आज चार वाजेपर्यंत स्क्रीनशॉट डिलीट करणार. तो टाकायला नको होता हे ग्रुपवर लिहिणार. एकमेकींचे मेसेज विचारल्याशिवाय पुढे पाठवणार नाही. पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत मध्यस्थांना पाच मिनिटं भेटणार.’ असं, कोण-काय-कधी लिहिलेलं हवं. सोमवारची ती पाच मिनिटं बहुतेक शाळा गाळतात आणि करार तिथेच ढिले पडतात.

शस्त्र, लैंगिक छळ, स्वतःला इजा करण्याचे विचार, घरातली मारहाण आणि सततची दादागिरी ही प्रकरणं मुलांच्या मध्यस्थीत कधीही येऊ नयेत. ती थेट मोठ्यांकडे. ही यादी लिहून प्रत्येक मध्यस्थाला पहिल्याच दिवशी द्या.

प्रश्न : माझा मुलगा आठवड्यातून दोनदा मार खाऊन घरी येतो. शाळा म्हणते, ‘आम्ही शांतता शिकवतो, दोघांना समोरासमोर बसवून मिटवू.’ यातून तो अजूनच दुबळा होणार नाही का?

तुमची शंका रास्त आहे आणि शाळेची पद्धत चुकीची आहे. भांडण आणि दादागिरी या वेगळ्या गोष्टी. भांडणात दोघांची ताकद साधारण सारखी असते आणि दोघांनाही काहीतरी हवं असतं. दादागिरीत एकाची ताकद जास्त असते, वयाने, अंगाने किंवा टोळीच्या बळावर. त्रास पुन्हा पुन्हा होतो आणि हेतू दुखावण्याचाच असतो. अशा वेळी दोघांना समोरासमोर बसवलं की त्रास देणाऱ्याला आणखी एक संधी मिळते, आणि ‘दोघांचंही थोडं थोडं चुकलं’ हा निकाल मार खाणाऱ्याच्या पदरात पडतो.

शाळेकडून पुढच्या गोष्टी लेखी मागा. मार कुठे आणि केव्हा होतो (जिना, स्वच्छतागृह, शाळा सुटल्यावरची दहा मिनिटं) तिथे कोणते मोठे हजर राहतील, आजपासून दोन आठवडे. दोन्ही मुलांशी बोलणं होईल ते वेगवेगळं. त्रास देणाऱ्याला कोणत्या वागण्याचे काय परिणाम होतील हे कोण सांगणार. बघ्या मुलांशी कोण बोलणार, कारण दादागिरी प्रेक्षकांवर जगते. आणि तुमच्या मुलाला रोज दोन मिनिटं भेटणारी एक ठरलेली शिक्षिका किंवा शिक्षक. घरी मुलाला ‘तूही मार’ असं सांगू नका आणि ‘दुर्लक्ष कर’ असंही नको. ‘थांब. हे मला चालणार नाही. मी सांगायला चाललोय.’ एवढी तीन वाक्यं खांदे सरळ ठेवून, मोठ्या आवाजात म्हणायचा सराव रोज करून घ्या आणि वाक्य संपताच तिथून निघून मोठ्या माणसाकडे जायचं हेही त्या सरावातच घ्या. मुलाला सुरक्षित करण्याची जबाबदारी मात्र मोठ्यांचीच राहते, मुलाच्या तीन वाक्यांवर ती टाकता येत नाही.

प्रश्न : आमची संस्था तणाव असलेल्या दोन समाजांच्या मुलांना वर्षातून एकदा एकत्र आणते. दिवस छान जातो, निरोप घेताना मुलं रडतात, आणि महिन्याभरात सगळं पुन्हा होतं तसं. हे व्यर्थ आहे का?

व्यर्थ नाही, अपुरं आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं, की दोन गटांचा नुसता संपर्क पुरत नाही. त्या भेटीत दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागावी आणि वरच्या लोकांचा, म्हणजे मुख्याध्यापकांचा, पालकांचा, अधिकाऱ्यांचा उघड पाठिंबा हवा. पुढे थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासून २००६ मध्ये दाखवलं, की संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतात आणि या अटी पाळल्या तर जास्त कमी होतात.

तुमचा एक दिवस या चार अटींवर तपासून बघा. यजमान दर वेळी एकच गट असतो का? सूत्रसंचालन कुणाच्या भाषेत होतं? भाषेचा मुद्दा फार खोल आहे. इस्रायलमध्ये १९९८ पासून ‘हँड इन हँड’ या संस्थेच्या द्विभाषिक शाळांत अरब आणि ज्यू मुलं एकाच वर्गात शिकतात, अरबी आणि हिब्रू अशा दोन्ही भाषांचे शिक्षक ठेवले जातात. तरीही मुलांच्या आपसांतल्या बोलण्यात हिब्रू वरचढ ठरते, कारण शाळेबाहेरचा समाज तिच्यावर चालतो. इतकी काळजी घेऊनही असं होत असेल, तर एका दिवसाच्या संमेलनात कोणती भाषा दबते हे शोधून काढाच.

एका छताखाली असणं म्हणजे एकत्र असणं नव्हे, याचं उदाहरण बोस्नियात आहे. युद्धानंतर तिथे ‘एका छताखाली दोन शाळा’ ही पद्धत आली : इमारत एक, पण क्रोएट (मुख्यतः कॅथलिक) आणि बोस्नियाक (मुख्यतः मुस्लिम) मुलांचे अभ्यासक्रम वेगळे, शिक्षक वेगळे, काही ठिकाणी दारं किंवा शाळेच्या वेळाही वेगळ्या. याउलट उत्तर आयर्लंडमध्ये १९८१ साली, हिंसाचार चालू असताना, पालकांनीच पुढाकार घेऊन बेलफास्टला लॅगन कॉलेज ही कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुलांची एकत्र शाळा २८ विद्यार्थ्यांवर सुरू केली. तिच्यामागे एकात्म शाळांची चळवळ उभी राहिली. तिथली बहुसंख्य मुलं अजूनही आपापल्या समाजाच्याच शाळांत जातात, म्हणून आता वेगवेगळ्या शाळांनी काही विषय एकत्र शिकवायचे, अशा ‘सामायिक शिक्षणा’लाही २०१६ पासून कायद्याचा आधार दिला आहे. तुमच्यासाठी हाच धडा घेण्यासारखा आहे. एका मोठ्या दिवसाऐवजी वर्षभरात दहा-बारा छोट्या भेटी घ्या, त्याच मुलांच्या, एकाच कामासाठी.

काम कसं असावं? ‘जिगसॉ’ ही पद्धत वापरून बघा. १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे वर्ग नुकतेच एकत्र झाले होते आणि वातावरण तापलं होतं. तेव्हा एलियट अॅरॉन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती तयार केली. समजा २५ मुलं आहेत आणि विषय आहे ‘नदीचं पाणी कुणाला किती’. पाच-पाच जणांचे पाच मिश्र गट करा. मजकुराचे पाच तुकडे करा : शेती, पिण्याचं पाणी, कारखाने, मासे आणि काठावरचं जीवन, पूर-दुष्काळ. प्रत्येक गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा मिळेल. आधी सारखा तुकडा असलेली मुलं पाचही गटांतून एकत्र येतात आणि १०-१२ मिनिटांत तो समजून घेतात, कसा सांगायचा याचा सराव करतात. मग सगळे मूळ गटात परततात आणि प्रत्येकजण चार मिनिटं आपला तुकडा शिकवतो. शेवटी प्रत्येकाची स्वतंत्र छोटी परीक्षा, पाचही तुकड्यांवर. शेजारच्याचं नीट ऐकलं नाही तर आपलेच गुण जातात, त्यामुळे ज्याला कालपर्यंत टाळलं त्यालाच ‘जरा पुन्हा सांग ना’ म्हणावं लागतं.

हमखास अडचणी तीन. हळू वाचणारं मूल अडखळतं आणि गट वैतागतो. म्हणून मधला सरावाचा टप्पा गाळायचा नाही. एखादं मूल गैरहजर असतं. त्याचा तुकडा दोघांत वाटा, शिक्षकांनी स्वतः शिकवू नका. आणि कुणीतरी हुशार सगळ्यांचं बोलणं हिसकावतं. त्यालाच गटाची वेळ सांभाळायला द्या. पहिल्या दोन-तीन वेळा गोंधळ होणारच. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत धीर धरला तरच फरक दिसतो.

प्रश्न : इतिहासाच्या तासाला वर्ग दोन तट पडून भांडतो. वादाचे धडे गाळावेत का?

गाळू नका. शाळेत जे बोललं जात नाही ते मुलं मोबाइलवर शिकतात, तेही सर्वांत कडवट रूपात.

जर्मनीत १९७६ मध्ये बॉयटल्सबाख या गावातल्या परिषदेतून शिक्षकांसाठी तीन तत्त्वं पुढे आली. ती सोपी आणि वापरण्याजोगी आहेत : विद्यार्थ्यावर आपलं मत लादायचं नाही. समाजात आणि अभ्यासकांत जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. आणि विद्यार्थ्याला परिस्थितीचं व स्वतःच्या हिताचं विश्लेषण करता आलं पाहिजे. दुसरं तत्त्व उलटंही लागू होतं, हे पुष्कळदा विसरलं जातं. जे पुराव्याने सिद्ध आहे ते ‘दोन मतं आहेत’ म्हणून मांडायचं नाही. एखादा नरसंहार झाला की नाही, हा वर्गातल्या वादाचा विषय होऊ शकत नाही. तो का झाला, कुणी थांबवू शकलं असतं, लोक गप्प का राहिले, हे विषय होऊ शकतात.

पद्धत म्हणून डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांची ‘रचनाबद्ध वाद’ ही रीत घ्या. चौघांचा गट, त्यात दोन जोड्या. एका जोडीला एक बाजू, दुसरीला दुसरी, दोन्हींसाठी एकेक पानाचा पुरावा. वाचन १० मिनिटं. पहिली जोडी ३ मिनिटं मांडते, दुसरी फक्त टिपून घेते आणि नंतर ‘तुमचं म्हणणं असं आहे’ म्हणून परत सांगते. पहिली जोडी ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. मग उलट. त्यानंतर बाजू बदलायच्या आणि आधीच्या विरोधकांचीच बाजू, त्यांच्याकडून सुटलेला एक मुद्दा घालून, मांडायची. शेवटची दहा मिनिटं बाजू सोडून चौघांनी मिळून लिहायचं : कशावर एकमत, कशावर नाही, आणि मतभेद पुराव्याचा आहे की मूल्यांचा. ‘परत सांगणं’ वेळेअभावी गाळलं की ही साधी वादविवाद स्पर्धा होते आणि तट आणखी घट्ट होतात. अत्याचाराच्या प्रसंगांची नाटकं मात्र वर्गात बसवू नका. छळणारा आणि छळला जाणारा अशा भूमिका मुलांना देण्याने सहानुभूती वाढत नाही, काही मुलांना इजा होते.

पाठ्यपुस्तकांच्या पातळीवर हे काम जुनं आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये १९५१ मध्ये सुरू झालेली आणि पुढे संस्थापक गेऑर्ग एकर्ट यांच्या नावाने ओळखली गेलेली संस्था शत्रुराष्ट्रांच्या पाठ्यपुस्तकांची एकत्र तपासणी करत आली. जर्मनी आणि पोलंडचा संयुक्त पाठ्यपुस्तक आयोग १९७२ पासून आहे. फ्रान्स आणि जर्मनीचं माध्यमिक वर्गांसाठीचं एकच इतिहास-पुस्तक २००६ मध्ये आलं, मजकूर तोच, भाषा दोन. इस्रायली आणि पॅलेस्टिनी शिक्षकांनी डॅन बार-ऑन व सामी अदवान यांच्या पुढाकाराने वेगळी वाट धरली. एकच कथन जमणं शक्य नव्हतं, म्हणून पानाच्या एका बाजूला एक कथन, दुसऱ्या बाजूला दुसरं आणि मधला रकाना विद्यार्थ्याने लिहिण्यासाठी कोरा. दोन्हीकडच्या सरकारांनी ते अधिकृत पाठ्यपुस्तक म्हणून स्वीकारलं नाही. पण तो कोरा रकाना तुम्ही तुमच्या वर्गात उद्याच वापरू शकता. कागदाला दोन घड्या घाला, कडेच्या भागांत एकाच घटनेचे दोन वृत्तान्त लिहा, मधला भाग मुलांना द्या.

प्रश्न : हिंसाचारामुळे घर सोडून आलेली मुलं आमच्या वर्गात दाखल झाली आहेत. त्यांना मनातलं बोलतं करण्यासाठी चित्रं, निबंध घ्यावेत का?

‘माझ्यावर ओढवलेला प्रसंग’ असे निबंध किंवा चित्रं घेऊ नका. मूल स्वतःहून बोललं तर शांतपणे ऐका, तपशील खोदू नका, ‘सगळं ठीक होईल’ असं वचन देऊ नका. त्यांना आधी लागतो तो अंदाज : दिवसाचं वेळापत्रक फळ्यावर, तोच क्रम रोज, बदल असेल तर सकाळीच सांगणं, ठरलेली जागा, दाराजवळ बसायची मुभा. घंटा अचानक कर्कश वाजत असेल तर त्या मुलांना आधी सूचना द्या. सोबतीला एक स्थानिक मूल द्या, पण दोन आठवड्यांनी सोबती बदला, नाहीतर ते ओझं होतं.

दचकणं, झोप न लागणं, चिडचिड, लक्ष न लागणं हे पहिल्या आठवड्यांत अपेक्षित आहे. चार-सहा आठवड्यांनंतरही ते तसंच राहिलं किंवा वाढत गेलं, तर बालमानसतज्ज्ञांकडे पाठवा. मरण्याची भाषा किंवा स्वतःला इजा दिसली, तर एक दिवसही थांबू नका.

प्रश्न : या क्षेत्रात शिकायचं, काम करायचं तर सुरुवात कुठून करावी?

पदवी हवी असेल तर कोस्टारिकात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावाने १९८० मध्ये स्थापन झालेलं शांतता विद्यापीठ आहे. शिक्षकांसाठी ‘शांतता शिक्षणाची आंतरराष्ट्रीय संस्था’ १९८२ पासून वेगवेगळ्या देशांत निवासी शिबिरं भरवते. बेटी रीअर्डन यांनी ती उभी केली. पदवीशिवाय काम करायचं असेल तर ‘हिंसेला पर्याय’ हा उपक्रम बघा. १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीन हेवन तुरुंगात कैदी आणि क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या स्वयंसेवकांनी मिळून तो सुरू केला आणि आज अनेक देशांत चालतो. त्यात आधी सहभागी व्हायचं, मग प्रशिक्षक. युनेस्कोने शांतता आणि मानवी हक्कांच्या शिक्षणाविषयीची १९७४ची शिफारस २०२३ मध्ये नव्याने मंजूर केली. शाळेला किंवा शिक्षण खात्याला प्रस्ताव देताना तिचा आधार उपयोगी पडतो.

प्रश्न : निधी देणारे विचारतात, ‘परिणाम काय झाला?’ आम्ही सहभागींची संख्या आणि फोटो देतो. शांतता मोजणार तरी कशी?

कार्यक्रम सुरू होण्याआधी सहा आठवडे नोंदवही ठेवा. प्रत्येक भांडणाची एक ओळ : तारीख, जागा, कितवीतली मुलं, प्रकार (शिवीगाळ, मारहाण, वाळीत टाकणं, ऑनलाइन), कसं मिटलं, किती दिवसांनी पुन्हा झालं. कार्यक्रमानंतरही तीच वही, तेच रकाने. पहिल्या दोन-तीन महिन्यांत नोंदी वाढतात. घाबरू नका आणि निधी देणाऱ्यांना हे आधीच लिहून कळवा. आजवर गप्प राहिलेली मुलं सांगू लागलेली असतात. एकूण आकड्यापेक्षा दोन रकाने जास्त बोलतात : मोठ्यांच्या हस्तक्षेपाशिवाय किती मिटली आणि तेच भांडण किती वेळा परत आलं.

दुसरं माप मैत्रीचं. प्रत्येक मुलाला गुप्तपणे विचारा, ‘प्रकल्पासाठी कुणाबरोबर बसायला आवडेल? तीन नावं.’ सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी. नावांमधून दुसऱ्या गटाकडे जाणाऱ्या रेषा किती वाढल्या आणि कुणीच न निवडलेली मुलं किती उरली, हे मोजा. ‘कुणाबरोबर बसायला आवडणार नाही’ असं विचारू नका, त्याची कुजबुज वर्गभर फिरते. कागद शिक्षकांच्या कपाटात, कुलपात.

आणि कार्यशाळा संपता संपता भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर भिस्त ठेवू नका. त्या वेळी सगळ्यांची मनं भारावलेली असतात. गावरिएल सॉलोमन आणि इतर अभ्यासकांना इस्रायली-पॅलेस्टिनी संदर्भात हेच दिसलं, की कार्यक्रमाने बदललेली मतं बाहेरच्या घटनांच्या दबावाखाली काही काळाने मागे सरकतात. सॉलोमन यांच्या कामातून हेही पुढे आलं, की नंतर एखादा छोटा उपक्रम घेतला, उदाहरणार्थ विरुद्ध बाजूचं म्हणणं सक्तीने मांडायला लावलं, तर मागे सरकलेला परिणाम काही प्रमाणात परत येतो. म्हणून तीच प्रश्नावली तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा भरून घ्या, आणि त्या दोन तारखांना एकेक उजळणीचा तास आताच वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात घाला. नंतर त्यासाठी पैसे मागितले तर मिळत नाहीत.